कच्च्या फाइलीची पारख



कामगार संघटनेच्या माणसाने या व्यासपीठावरून बोनस किंवा महागाईभत्ता यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आजचा विषय मात्र कॅमेऱ्याचा आहे, आणि तो मी हौसेने घेतलेला नाही. अलीकडे आमच्या संघटनेत फोटो स्टुडिओत काम करणारी मुले येऊ लागली आहेत. लग्नसराईत दिवसभर मांडवात उभे राहायचे आणि रात्री संगणकापुढे बसून दोन-दोन हजार फोटोंचे रंग जुळवायचे, हे त्यांचे काम. त्यांनी एकदा मला विचारले, ‘काका, रॉ फाइलींसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु हत्यार कसे पारखावे आणि ते कोणाच्या मालकीचे असावे, हा प्रश्न कामगाराला परका नाही. म्हणून मी त्यात लक्ष घातले.

रॉ म्हणजे कॅमेऱ्याचा कच्चा माल. पूर्वी रोल धुवायला टाकावा लागे. न धुतलेल्या रोलमध्ये चित्र असते, पण पाहता येत नाही. रॉ फाइलीचे साधारण तसेच आहे. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारे लक्षावधी बारीक ठिपके असतात. त्या ठिपक्यांना रंग कळत नाही, उजेड किती एवढेच कळते. म्हणून कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर या संशोधकाने त्यांच्यावर रंगीत काचांची जाळी बसवण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. निम्मे ठिपके हिरव्या काचेखाली, पाव लाल आणि पाव निळ्या. आता पाहा, प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांपैकी एकच माहीत आहे. उरलेले दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून भरायचे. म्हणजे रंगांची दोन तृतीयांश माहिती अंदाजाने भरलेली असते, आणि तो अंदाज सॉफ्टवेअर करते.

आपण मोबाइलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर जेपेग फोटो काढतो तेव्हा हे काम आतल्या आतच उरकते आणि उरलेला माल फेकून दिला जातो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १४ बिटांच्या रॉ फाइलीत १६,३८४. काळवंडलेला चेहरा रॉमधून उजळून काढता येतो, जेपेगमधून काढू गेले तर डाग पडतात, त्याचे मुख्य कारण हे.

तेव्हा एकाच रॉ फाइलीतून दोन सॉफ्टवेअरांनी दोन निरनिराळी चित्रे काढली तर त्यात नवल नाही. मग चांगले कोणते? बाजारात याची परीक्षा फार उथळपणे होते. तीच फाइल दोन ठिकाणी उघडतात, शेजारी शेजारी ठेवतात आणि जे चित्र अधिक उजळ व अधिक ठसठशीत ते श्रेष्ठ ठरवतात. ज्या चहात साखर जास्त तो चहा उत्तम, असे म्हणण्यापैकी हे आहे. फाइल उघडताच दिसते ती कंपनीची आवड. कोणी आधीच उजेड वाढवून ठेवतो, कोणी कडा टोकदार करून ठेवतो. आधी दोन्ही चित्रांचा उजेड, रंगाचा तोल आणि धार हातांनी एका पातळीवर आणा. मग तुलना करा.

आणि परीक्षेसाठी कंपनीने दिलेली फुलपाखरे नि डोंगर घेऊ नका. आपल्या कामातले अवघड फोटो घ्या. पैठणीचा जरीचा पदर घ्या. बारीक विणीचे धागे आणि ठिपक्यांची जाळी एकमेकांवर आली की नसलेले इंद्रधनुषी पट्टे उमटतात. दोन जाळीचे पडदे एकावर एक धरले म्हणजे जशा लाटा दिसतात तशा. काही सॉफ्टवेअर त्या लाटा आवरते, काही आवरताना जरच पुसून टाकते. लाल शालू घ्या. कॅमेऱ्याने पुष्कळदा त्याच्या घड्या नीट टिपलेल्या असतात, पण रूपांतर करताना लाल रंग आपल्या कमाल मर्यादेला टेकतो आणि शालू पुठ्ठ्यासारखा सपाट होतो. हळदीचा पिवळा रंग घ्या. मांडवात एका बाजूला पिवळा दिवा आणि दुसऱ्या बाजूला निळसर एलईडी असताना काढलेला फोटो घ्या. रात्रीच्या वरातीतला, अंधारात दाणे उमटलेला एक घ्या.

सर्वांत महत्त्वाचा, सावळ्या माणसाचा चेहरा घ्या. फिल्मच्या काळात कोडॅककडून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीच्या चित्राचे कार्ड मिळत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर. बाकीच्या जगाने आपला रंग त्यात कसाबसा बसवून घ्यायचा. तेव्हा सॉफ्टवेअरने काढलेली सावळी कांती राखेसारखी दिसते की तांबूस, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. (नवरी गोरी करून द्या, असे सांगणारे गिऱ्हाईक असतेच, तो दोष सॉफ्टवेअरवर घालता येणार नाही.)

चित्रे छापा, मागे खुणेचे आकडे घाला, नावे झाका, आणि त्या लग्नाला हजर असलेल्या कोणा घरच्या माणसाला दाखवा. शालू खरा कसा होता ते त्याला ठाऊक असते.

घड्याळही लावा. एका फोटोला केवळ अर्धे मिनिट जास्त लागते असे धरले, तरी दोन हजार फोटोंना सोळा तास चाळीस मिनिटे जास्त लागतात. आमच्या मुलांना या तासांचा पैसा मिळत नाही.

आता मालकीचे. ही सॉफ्टवेअरे मूळ रॉ फाइलीला हात लावत नाहीत. उजेड इतका, रंग असा, अशा सूचना वेगळ्या लिहून ठेवतात, आणि प्रत्येक आपापल्या भाषेत. एकाच्या सूचना दुसऱ्याला जवळजवळ कळत नाहीत. ॲपलने २००५ मध्ये ॲपर्चर आणले आणि २०१४ मध्ये त्याचा विकास बंद करत असल्याचे जाहीर केले. २०१९ नंतरच्या मॅकवर ते चालतच नाही. लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत त्या भाषेत लिहिलेली होती. ॲडोबीचे लाइटरूम २००७ साली आले. २०१५ ची सहावी आवृत्ती एकदा पैसे भरून कायमची घेता येई. पुढच्या आवृत्त्या भाड्यानेच. न्याय म्हणून सांगितले पाहिजे की भाडे थकले तरी लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, बाहेर काढताही येतात; मात्र रंगकाम करण्याची खोली बंद होते.

कॅमेरा कंपन्याही काही साळसूद नाहीत. २००५ मध्ये निकॉनने आपल्या एका कॅमेऱ्याच्या फाइलीतील रंगाच्या तोलाची नोंद सांकेतिक करून ठेवल्याचे उघड झाले. फोटो तुमचा, नोंद कुलपात! ते कुलूप उघडणाऱ्यांत डेव्ह कॉफिन हा अमेरिकन प्रोग्रामर होता. त्याने १९९७ पासून डीसीरॉ नावाचा प्रोग्राम लिहून फुकट वाटला, आणि असंख्य कॅमेऱ्यांच्या फाइली उलगडून दाखवल्या. पुढे कितीतरी सॉफ्टवेअरे त्याच्या खांद्यावर उभी राहिली. २०१० पासून मुक्त झालेले रॉथेरपी आणि २००९ मध्ये सुरू झालेले डार्कटेबल ही आज कोणालाही विनामूल्य घेता येतात. डार्कटेबल शिकायला कठीण आहे, हे मी लपवत नाही. शिकायला लागणारा वेळ हीही किंमतच आहे.

हौशी माणसाने आधी मुक्त सॉफ्टवेअर महिनाभर वापरून पाहावे, कमी पडले तर खिशात हात घालावा, असे माझे मत आहे. कोणतेही घेतले तरी पक्के झालेले फोटो टिफ किंवा उत्तम जेपेगमध्ये काढून ठेवावेत आणि मूळ रॉ फाइली पुसू नयेत.

स्टुडिओतल्या मुलांचे उत्तर निराळे निघाले. अमुकच सॉफ्टवेअर पाहिजे असे मालक सांगतो, आणि भाडे मुलगा आपल्या खिशातून भरतो. गिरणीत मागाचे भाडे विणकराकडून कोणी मागितले नव्हते. आमची मागणी दोन ओळींची आहे: सॉफ्टवेअर मालक ठरवणार असेल तर भाडे मालकाने भरावे, आणि रात्रीचे रंगकाम तासांवर धरावे. पहिली ओळ दोन मालकांनी मान्य केली आहे. दुसरीवर बोलणी चालू आहेत.