महिला विद्यापीठाच्या विद्याशाखा आणि त्यांमागील हेतू
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



विद्यापीठात कोणकोणते विभाग असावेत हा प्रश्न वरवर पाहता पंडितांचा व प्रशासकांचा वाटतो. परंतु समाज आपल्या कोणत्या माणसांकडून काय अपेक्षितो, हे त्या विभागांच्या यादीत जितके स्वच्छ वाचावयास मिळते तितके जाहीरनाम्यांतही मिळत नाही. यासाठी आज महाराष्ट्रातल्याच एका विद्यापीठाचे उदाहरण घ्यावयाचे आहे. ते १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्यास निघाले, तेव्हा त्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी एका हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या.

काशीचे शिवप्रसाद गुप्त यांनी जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांजकडे पाठविली होती. टोकियोचे ते विद्यापीठ १९०१ सालचे. स्त्री ही माणूस आहे, स्त्री आहे आणि राष्ट्राची घटक आहे, म्हणून तिचे शिक्षण या तिन्ही अंगांनी व्हावे अशी त्यामागची भूमिका होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले, आणि तेथेच त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी भारतवर्षीय महिला विद्यापीठ उभे राहिले. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. एक संस्कृतचा महापंडित, दुसरा गणिताचा रँग्लर. स्वतः कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ ते १९१४ गणितच शिकवीत आले होते. आणि या गणितज्ञांच्या विद्यापीठात मुलींसाठी गणित मात्र ऐच्छिक ठरले! मातृभाषा, इंग्रजी, इतिहास यांच्या जोडीस आरोग्यशास्त्र व गृहव्यवस्था यांना मानाचे स्थान मिळाले.

ही निवड सहज झालेली नव्हती. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, हा विचार गोपाळ गणेश आगरकरांनी त्यापूर्वीच निर्भीडपणे मांडलेला होता. आगरकर १८९५ मध्ये गेले. पण फर्ग्युसनच्या वर्तुळात वावरलेल्या कर्व्यांना तो विचार अपरिचित असणे शक्यच नव्हते. तरीही त्यांनी वेगळी वाट धरली. सरकारी विद्यापीठांचा अभ्यासक्रम मूठभर मुलींनाच झेपतो, बहुसंख्य मुलींना विवाहानंतर संसारच सांभाळावा लागतो, तेव्हा त्यांना उपयोगी पडेल असे उच्च शिक्षण त्यांच्या भाषेतून द्यावे, असा त्यांचा व्यवहारी हिशेब होता. या हिशेबातील पहिला आकडा बरोबर होता, दुसरा चुकीचा. जे आहे ते तसेच राहणार असे धरून आखलेला अभ्यासक्रम, जे आहे त्याला बळकटीच आणतो.

मात्र एवढे म्हणून कर्व्यांना निकालात काढणे हा कृतघ्नपणा होईल. पुनर्विवाहासाठी वाळीत पडलेला, विधवांचा आश्रम १८९६ मध्ये उघडणारा हा माणूस परंपरेचा भाट नव्हता. शिवाय मातृभाषेतून पदवीपर्यंतचे शिक्षण ही त्या काळी केवढी धाडसाची गोष्ट होती! देशातील इतर विद्यापीठे इंग्रजीच्या उंबरठ्यावर हजारोंना अडवीत असता या चिमुकल्या विद्यापीठाने मराठीतून व पुढे गुजरातीतून पदवी दिली. तिचे नावही देशी, गृहीतागमा. इंग्रजी त्यांनी सक्तीची ठेवली; गांधीजींना मातृभाषेचे माध्यम पसंत, पण इंग्रजीची सक्ती नापसंत होती. कर्व्यांनी या बाबतीत गांधीजींचेही ऐकले नाही. याहून महत्त्वाची सवलत म्हणजे महाविद्यालयात न येता, घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा. ज्या बाईला उंबरठा ओलांडता येत नव्हता तिच्यापर्यंत परीक्षा गेली.

आता पैशाकडे वळू. वर्गणीच्या झोळीवर चाललेल्या या संस्थेस १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. दाता उदार होता यात संशय नाही. पण त्याच मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत राबणाऱ्या हजारो बाया त्या दानाच्या खऱ्या भागीदार होत्या, आणि त्यांच्या मुलींसाठी या विद्यापीठात कोणताही विभाग नव्हता. कामगार स्त्रीला गृहव्यवस्थाशास्त्र शिकवायचे म्हणजे काय? एका खोलीत दहा माणसांची व्यवस्था? सावित्रीबाई व जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती शूद्रातिशूद्रांच्या प्रश्नाशी जोडून. हिंगण्याच्या प्रयोगाची सुरुवात वरच्या जातींच्या विधवेच्या दुःखातून झाली आणि बराच काळ तो त्याच परिघात राहिला.

सरकारी मान्यता मिळावयास तर जवळजवळ तीन तपांचा काळ गेला. १९४९ चा कायदा १९५१ मध्ये अमलात आला तेव्हा कोठे विद्यापीठ वैधानिक झाले. तोवर विद्यापीठ जगले ते शिक्षिका घडवून. पुढे शिक्षणशास्त्र, परिचर्या, औषधनिर्माण, आणि नंतर तंत्रविज्ञानही आले. ऐच्छिक गणितापासून अभियांत्रिकीपर्यंतचा हा प्रवास मुलींनी स्वतः रेटून घडविला आहे.

परंतु सर्वांत अर्थपूर्ण विभाग १९७४ मध्ये निघाला. समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र याच विद्यापीठात सुरू झाले. देशातील विद्यापीठांत असे केंद्र पहिलेच. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीचा अहवालही त्याच वर्षीचा. घर नीट कसे चालवावे हे शिकविण्यासाठी निघालेल्या विद्यापीठात, घराचे काम बाईचेच का, त्या कामाचा मोबदला कोठे आहे, शेतातल्या तिच्या कष्टांची मोजदाद कोण करतो, असे प्रश्न अभ्यासाचे विषय झाले. संस्थापकाच्या हेतूला संस्थेने दिलेले हे उत्तर होय, आणि ते संस्थापकाच्याच भिंतींच्या आत दिले गेले.

कर्व्यांना ते रुचले असते का? एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईस गेले. त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे शाळा उघडण्यासाठी आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून पैसे घातले आणि पुन्हा वर्गणीसाठी दारोदार फिरू लागले. १९४४ मध्ये त्यांनी समता संघ स्थापिला. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जे त्यांना बसविता आले नव्हते, त्याच्या शोधात तो म्हातारा खेड्यांकडे वळला होता.