काठीला कर्ज

मैत्रिणींनो, जेवणं आटोपली असतील, भांडी राहिली असतील तर राहू द्या, दहा मिनिटं बसा.

आज एका कर्जाची गोष्ट सांगते. आमच्या गटाच्या बैठकीत बियाण्याला, शेळीला, दवाखान्याला, शाळेच्या फीला कर्ज मागितलं जातं. गेल्या पावसाळ्यात मात्र एका ताईने पाच हजार रुपये मागितले आणि कारण सांगितलं, "काठी घ्यायचीय." बायका हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "पाच हजारांची काठी? म्हैस हाकायची का हत्ती?"

ताईंची मुलगी शहरात कॉलेजला आहे, सकाळी एका दुकानात कामही करते. तिथल्या जिमखान्यात ती पूल खेळायला शिकली. पूल म्हणजे हिरव्या कापडाचं मोठं टेबल, सहा भोकं, रंगीत गोळे आणि लांब काठीने मारायचं. आपल्या कॅरमचा मोठा भाऊच म्हणा. त्या काठीला 'क्यू' म्हणतात. पोरीला स्पर्धेत उतरायचं होतं आणि तिला स्वतःची काठी हवी होती.

पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच. जिमखान्यात काठ्या असताना स्वतःची कशाला? मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ, तोवर मी चौकशी करते.

चौकशीत जे कळलं ते सांगते. ही काठी साधारण पावणेपाच फूट लांब असते, वजन ५०० ते ६०० ग्रॅम. पुढचा भाग बहुतेक मेपल नावाच्या कठीण लाकडाचा असतो आणि टोकाला १२-१३ मिलिमीटर रुंदीची चामड्याची टिकली चिकटवलेली असते. त्या टिकलीला खडू घासायचा, म्हणजे ती गोळ्यावरून घसरत नाही. जिमखान्यातल्या काठ्या शंभर हातांतून जातात. कुणी भिंतीला तिरकी टेकवून ठेवतो, ती वाकते. कुणाची टिकली झिजून सपाट झालेली. आज हलकी मिळाली, उद्या जड. मग हाताला सवय लागायची कशी?

म्हणून चांगले खेळाडू आपल्या मापाची काठी बनवून घेतात. किती लांब, किती जड, मूठ किती जाड, पुढचं टोक किती बारीक, हे सगळं खेळणाऱ्याच्या हाताप्रमाणे. अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का नावाचे एक कारागीर होऊन गेले. जन्म रशियातला, लहानपणी अमेरिकेत आले, सुतारकाम करायचे. १९५९ च्या सुमारास ते काठ्या बनवायला लागले. १९७५ मध्ये ते वारले, पण त्यांच्या काठ्या आजही लोक दागिन्यासारख्या जपतात. असे कारागीर लाकूड एकदम कातत नाहीत. थोडं कातायचं, काही आठवडे ठेवून द्यायचं, वाकतंय का बघायचं, मग पुन्हा थोडं कातायचं. आपल्याकडे गाडीचं लाकूड सुतार आधी वाळवून मुरवतो, तसंच ते.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मात्र मनाला लागली. पूर्वी या खेळात काठी नव्हतीच. लांब दांड्याच्या टोकाला लाकडाची ठोकळी असायची, तिने गोळा ढकलायचा. गोळा कडेला अडकला की ठोकळी बसायची नाही, मग दांडा उलटा करून शेपटाकडून मारायचे. 'क्यू' हा शब्द फ्रेंच भाषेतल्या शेपटाच्या शब्दावरूनच आला. पुढे पुरुष शेपटानेच खेळू लागले. बायकांना मात्र बराच काळ ठोकळीच दिली जायची. का, तर बाईच्या हातात टोकदार काठी दिली तर ती टेबलावरचं कापड फाडेल!

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. आपल्यातल्या कितीजणींनी ऐकलंय, "तू राहू दे, मोडशील"? मोटर चालू करायला गेलं तरी तेच, फवारणीचा पंप घेतला तरी तेच.

मग मी मासाको कात्सुरा यांचं सांगितलं. जपानच्या, जन्म १९१३ चा. वडील गेल्यावर त्या बहिणीकडे राहायला गेल्या. मेहुण्याचं टोकियोत बिलियर्ड्सचं दुकान होतं, तिथे काम करता करता खेळ शिकल्या. १९५२ साली अमेरिकेत त्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत पुरुषांसमोर उतरल्या. जगज्जेतेपदासाठी खेळणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांनी कापड फाडल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

आणि हा खेळ आपल्याला परका आहे असंही नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात एकट्याच्या बळावर जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय.

तरीही दोघीजणींचा विरोध होता. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा, खेळण्यासाठी का द्यायचा? आणि अशा ठिकाणी पैसे लावून खेळतात, पोरगी एकटी जाते. मी गप्प राहिले. शेवटी बोलल्या त्या आमच्या सगळ्यात वयस्कर मावशी. त्या म्हणाल्या, "माझं खुरपं मी कुणाला देत नाही. दुसरीचं धरलं की संध्याकाळी तळहाताला फोड येतो. माझ्या खुरप्याचा दांडा मी बाभळीचा बसवून घेतलाय, माझ्या मुठीचा. पोरीला तिच्या मुठीचं पाहिजे, एवढंच ना?"

कर्ज मंजूर झालं. अटी घातल्या. कर्ज आईच्या नावावर, पण हप्ता मुलीने स्वतःच्या पगारातून भरायचा. पैसे लावून खेळायचं नाही. आणि शिंपल्याची नक्षी, रंगरंगोटी यात पैसा घालायचा नाही. नक्षीने गोळा भोकात जात नाही. लाकूड सरळ हवं, जोड घट्ट हवा, टिकली चांगली हवी. त्या पैशात पूर्ण मापाची बनवून येणार नव्हती, म्हणून तिने तयार काठी घेतली, वजन पारखून, आणि टिकली कारागिराकडून आपल्या पसंतीची बसवून घेतली.

दिवाळीला ती काठी घेऊन आली. दोन तुकड्यांत, लांब पिशवीत. सरळ आहे की नाही कसं बघायचं, तर सपाट जागेवर लोळवायची, वाकडी असेल तर डुलत जाते. ताईंनी ओट्याच्या कडप्प्यावर लाटण्यासारखी लोळवून बघितली. गेली सरळ. पोरगी म्हणाली, "आई, उन्हात ठेवू नको, भिंतीला टेकवू नको." ताई म्हणाल्या, "मला नको शिकवू, पिशवीत घाल."

स्पर्धेत ती दुसऱ्याच फेरीत हरली. हप्ते मात्र एकही चुकलेला नाही, सहा भरून झालेत.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येकीने लिहा, घरातलं कोणतं हत्यार, कोणतं यंत्र माझं आहे, माझ्या मापाचं आहे आणि कुणाला न विचारता मी ते हातात घेऊ शकते. आमच्या गटात पान लवकर संपलं. कितीतरी जणींनी एकच शब्द लिहिला होता, खुरपं. आता आम्ही त्याच पानाखाली लिहितोय, पुढचं कर्ज कशाला ते.

तुमच्या पानावर काय निघतं ते आम्हाला जरूर कळवा.