गावची शाळा आणि आपण मुंबईकर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. शिक्षण नववी, पुढचं सगळं साचेखात्यात आणि वाचनालयात झालं. समितीने सांगितलं, मुलांच्या शिक्षणावर बोला. म्हणून गावी जे ऐकून आलो तेच सांगतो.

यंदा जयंतीला गावी गेलो होतो. दाभोळच्या खाडीकाठचं गाव, दापोलीहून एसटीने तासभर. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट 11 आणि शिक्षक दोन. गुरुजी घाटावरचे, बदलीची वाट बघणारे, पण माणूस कळकळीचा. म्हणाले, "काका, पोरं हुशार आहेत. दहावीच्या निकालात तुमचा कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला. 2024 ला 99.01 टक्के! पण कुणालाही विचारा, पुढं काय? उत्तर एकच, मुंबईला जाणार. मुंबईला जाऊन काय करणार, ते एकाला सांगता येत नाही. यांना इच्छाच नाही."

बाई तिथल्याच, शेजारच्या वाडीतल्या. त्यांना हे पटलं नाही. "इच्छा आहे हो, पण घरात कुणी केलेलं नाही त्या कामाचं नाव पोर कुठून घेणार? तुम्ही मुंबईकर येता, मोबाईल दाखवता, मटण घालता. मुंबईत नक्की काय काम करता ते सांगता का कधी?"

बंधूंनो, मी खाली बघितलं. त्याचं कारण सांगतो.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. अडीच लाख कामगार घरी बसले. तरी 1986 ला आम्ही गावची चार पोरं बोचकी घेऊन निघालो ती गिरणीत लागायलाच. मुंबईची खबर गावात चाकरमान्यांच्या तोंडून यायची, आणि कुठला चाकरमानी सांगेल की माझी चूल थंड आहे? मी बदलीवर लागलो, कायम झालो, पुढे गिरणीच बंद पडली. आज मुलुंडला एका टॉवरच्या गेटवर बारा तास उभा असतो. आणि गावात? गावात मी "कंपनीत सुपरवायझर" आहे! आमच्या वेळी जे खोटं ऐकून आलो, तेच मी पुढच्या पोरांना ऐकवलं.

त्या दिवशी वर्गात सगळं खरं सांगितलं. पगार सांगितला, खोलीचं भाडं सांगितलं. पोरं गप्प. मग सातवीतली एक मुलगी उठली. तिचा बाप हंगामात दापोलीच्या कृषी विद्यापीठात रोजावर जातो. म्हणाली, "तिथल्या मॅडमना आंब्याचे रोग कळतात, कलम माझा बाबा बांधतो. मला दोन्ही करायचंय."

विद्यापीठ तालुक्यात 1972 पासून आहे. आपल्या वाडीतून तिथं मजुरीला गेलेले मला बरेच माहीत आहेत, शिकायला गेलेला एक आठवत नाही. त्याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला 1981 पासून आहे. आम्ही खाडीवर वाढलो, पण मासळीचंही कॉलेज असतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

इथे केळूसकर गुरुजींची आठवण येते. तेही किनाऱ्यावरचे, वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, त्यांनी चौकशी केली. सत्काराच्या सभेत आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला दिलं. पुढे शिक्षणाला पैसा नाही म्हटल्यावर सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो मुलगा कोण, हे या विहारात सांगायला नको.

आता कामाचं. दिवाळीनंतर एक दिवस या अकरा मुलांना विद्यापीठ दाखवायला न्यायचं ठरलंय. गुरुजी आणि बाई दोघंही यायला तयार आहेत. एसटीचं भाडं मी बघतो, जेवणाला वर्गणी लागेल. आणि आपल्यात ज्यांच्या मुली नर्सिंगला आहेत, मुलं आयटीआयला किंवा बँकेत आहेत, त्यांनी त्यांनाच पाठवा. आम्हा म्हाताऱ्यांचं ऐकून झालंय. आपापल्या कामाचं खरं काय ते सांगायचं, पगारासकट. नावं चिटणीसांकडे द्यावीत.

जयभीम.