लाल दिवा विझेपर्यंत



रॅम्पवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवरच्या, सुरक्षेच्या नियमावल्यांवर सकाळपासून पुष्कळ बोलून झालंय, म्हणून मी दोन घटनांपुरतंच बोलतो.

१६ डिसेंबर २०१५, आपली मुंबई. हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या एअरबस ३१९चा पुशबॅक झाला होता. तंत्रज्ञ अजून विमानापाशीच होता. विमान पुढे सरकलं आणि इंजिनानं त्याला ओढून घेतलं.

३१ डिसेंबर २०२२, अमेरिकेतलं अलाबामा राज्य, मॉन्टगोमेरी. एन्व्हॉय एअरचं एम्ब्रेअर १७५ गेटवर लागलं. त्याचं एपीयू, म्हणजे शेपटीतलं वीज पुरवणारं छोटं इंजिन, नादुरुस्त होतं. त्यामुळे बाहेरची वीज जोडेपर्यंत मुख्य इंजिन चालू ठेवणं भाग होतं. विमान येण्याआधी रॅम्पवरच्या मंडळींना हे दोनदा बजावलं होतं. इंजिन चालू असल्याचं सांगणारा बीकनचा लाल दिवाही लागलेला होता. तरी एक कर्मचारी पंखाच्या कडेकडेनं चालत चालू इंजिनासमोर आली आणि जिवाला मुकली.

‘दोनदा सांगूनही!’ असं आपण लगेच म्हणतो आणि फाइल मिटवतो. माझं भांडण आहे ते याच्याशी. विमान थांबलं की चॉक लावायचे, कोन ठेवायचे, बेल्ट लोडर भिडवायचा, हे पायांच्या अंगवळणी पडलेलं असतं. वर्षातून एखाद्या विमानाचं इंजिन मुद्दाम चालू ठेवलेलं असेल, तर केवळ तोंडी सूचनेनं ते पाय थांबतील, ही अपेक्षाच भाबडी आहे.

इंजिनाची मागची बाजू निदान जाणवते, गरम झोत अंगावर येतो. पुढची बाजू काहीच कळू देत नाही. कानांवर इअरमफ, शेजारच्या बेवर दुसरं विमान गर्जत असतं. आवाज कुठल्या इंजिनाचा, हे कोण ओळखणार? बंद केल्यावरही फॅन पुरता मंदावायला अर्धं ते एक मिनिट जातं. त्याच्या मधोमध रंगवलेलं पांढरं वेटोळं फिरतंय का ते बघा, असं आपण प्रशिक्षणात सांगतो. जुलैच्या पावसात, रात्री, फ्लडलाइटच्या चकाकीत ते बघून दाखवा.

आणि ते मिनिट टर्नअराउंडच्या, म्हणजे विमान लागल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या वेळेच्या, हिशोबात कुठे धरलेलं असतं? उशीर झाला की वॉकीटॉकीवर ओरडा बसतो तो लोडरलाच.

जुलै २०२४मध्ये मुंबईत कालिन्याला हँडीमन आणि लोडरच्या भरतीसाठी लोटलेली गर्दी तुम्ही पाहिलीत. जागा सुमारे २,२००, आणि आलेले उमेदवार हजारोंनी. त्या रेटारेटीतून कंत्राटावर लागलेला पोरगा ‘थांबा, इंजिन चालू आहे’ म्हणून सुपरवायझरला अडवेल? मला नाही वाटत. तो अधिकार त्याच्या हातात लेखी द्यावा लागेल.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, एपीयू नादुरुस्त असलेल्या विमानापाशी एक माणूस रिकाम्या हातांनी उभा राहील. इतरांना रेषेमागे थोपवून धरायचं, एवढंच त्याचं काम. बॅगा उचलायला त्याला कुणी बोलवायचं नाही. दुसरी, या थांबण्यानं झालेला उशीर ग्राउंड हँडलिंगच्या नावावर मांडायचा नाही. दुसरीला विरोध होणार, हे मला ठाऊक आहे. तिच्यात पैसा आहे.

ठराव दुपारी तीनला मांडणार आहोत. विमान कंपन्यांची मंडळी पहिल्या रांगेत बसलीयत. त्यांना विनंती, जेवण करून निघून जाऊ नका.