अटक म्हणजे पुरावा नव्हे
(देवरूख येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



देवरूखच्या न्यायालयात उद्या विमुक्त जमातीतील एखाद्या मजुरावर चोरीचा खटला उभा राहिला, तर ‘याला पूर्वी चार वेळा पकडले होते’ एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ५४ तेच सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ४९ तेच सांगते. आरोपीने स्वतःच्या सच्चारित्र्याचा पुरावा दिला, तरच त्याचे दुश्चारित्र्य पुढे आणता येते. वाढीव शिक्षेसाठी आरोपपत्रात नमूद केलेली जुनी शिक्षासुद्धा, चालू गुन्हा शाबीत होईपर्यंत, सत्र न्यायाधीशाने वाचून दाखवावयाची नसते. मग नुसत्या अटकेची काय कथा! अटक हा पोलिसांचा संशय; सत्याग्रहींना हे वेगळे सांगावयास नको.

परंतु हा नियम करणाऱ्या राजवटीनेच आदल्या वर्षी, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायद्याने अवघ्या जमातींवर जन्मजात शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का राहिला. विमुक्तांना मनमानी अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही पोलिसांना बजवावे लागले.

खरी मेख जामिनाच्या आणि तडीपारीच्या वेळी आहे. तेथे जुन्या नोंदींची यादी बिनदिक्कत पुढे येते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्यातील तडीपारीचा एक हुकूम रद्द केला. त्यात शिळ्या गुन्ह्यांचा आधार घेतलेला होता. अशी यादी आली की कार्यकर्त्यांनी वकिलामार्फत प्रत्येक नोंदीचा निकाल मागावा: दोषारोप कितींत दाखल झाले, निर्दोष सुटका कितींत झाली?