दुवा आणि दवा



मधुमेहाला आपण रोग म्हणतो, मनाच्या आजाराला मात्र बाहेरची बाधा!

सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. त्याने बेफाम रोगी शांत होत. काही उदासही होत. त्याने मेंदूतील सेरोटोनिन, डोपामिन घटते असे आढळले. सगळा उलगडा मात्र अजून झालेला नाही.

२००१ साली तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडांनी जखडलेले २८ रोगी आगीत दगावले. दुवा जरूर मागा, पण दवाही द्या. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, आजार उलटतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. वैशाखऱ्याहून मुरबाड, कल्याणमार्गे सकाळी निघावे.