तीनचाकीची निगा

दुचाकीचा ब्रेक निकामी झाला तर स्वार पाय टेकून सावरतो. हाताने चालविण्याच्या तीनचाकीवर बसलेल्या अपंग स्वाराला तो आधार नसतो. म्हणून आठवड्यातून एकदा घरीच तिची तपासणी करावी. प्रथम ब्रेक दाबून गाडी ढकलून पाहावी. ती तसूभरही हलता कामा नये. कारण चढता-उतरताना स्वार सारा भार तिच्यावरच टाकतो. मग टायरमधील हवा, चाकांच्या तारा व नट पाहावेत. साखळी पुसून तिला तेलाचे थेंब द्यावेत. मात्र ब्रेकच्या रबराला किंवा रिमला तेल लागू देऊ नये. केंद्र शासनाने १९८१ साली अशी साधने देण्याची योजना सुरू केली. परंतु मिळालेले साधन चालते ठेवणे हे घरातल्या पान्याचे आणि तेलाच्या बुधलीचेच काम आहे.